पाण्यावर कोण बसणार?

परीक्षा संपल्या आणि ऊन तापू लागले, की आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मंडळींचे बोलणे बदलते. औषधाची चिठ्ठी हातात घेता घेता एखादी आई हळूच विचारते, "डॉक्टरीणबाई, याला खोकला आहे, पण रविवारी सगळे नदीवर जायचे ठरले आहे. नेऊ ना?" या प्रश्नाला मी गेली कित्येक वर्षे "न्या, पण डोके कोरडे करा" एवढेच उत्तर देत आले. यंदा मात्र ते उत्तर मला अपुरे वाटू लागले आहे, कारण यंदाची सहल आमच्याच घरची आहे.

माझ्या मोठ्या नणंदबाई इनामगावला दिल्या आहेत. शिरूर तालुक्यातले हे गाव घोड नदीच्या काठी वसले आहे. त्यांचे शेत नदीला लागून आहे, बांधावर चिंचेची जुनी झाडे आहेत. ठाण्याचे भाऊजी, पुण्याच्या धाकट्या नणंदबाई, आम्ही आणि सगळ्यांची मुले असे मिळून येत्या मे महिन्यात दोन दिवस तिथे जायचे, नदीकाठी तंबू ठोकायचे, चुलीवर स्वयंपाक करायचा आणि पोरांना मनसोक्त डुंबू द्यायचे, असा बेत आहे. एकूण तेवीस माणसे. त्यांत बारा मोठी आणि अकरा मुले.

भाऊजी हौशी आहेत. त्यांनी यादी करून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली. तंबू किती, सतरंज्या किती, कोळसा, तवा, शेंगदाण्याची चटणी, मटण कोणी आणायचे, भाकरी कोणी थापायच्या, विजेऱ्या, पत्ते, कापूर आणि डासांची उदबत्ती. मी मोजले, एक्केचाळीस वस्तू होत्या. 'पाणी' हा शब्द त्या यादीत तीनदा आला होता. एकदा पिण्याच्या पाण्याचे जार, एकदा हात धुण्याच्या पाण्याची टाकी आणि एकदा 'पाण्यात घालायचे जुने कपडे'. एवढेच. मी खाली लिहिले, "मुले पाण्यात असताना पाण्यावर कोण बसणार?" भाऊजींचे उत्तर लगेच आले, "वहिनी, काळजी कशाला? आम्ही सगळे आहोतच की."

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. "आम्ही सगळे आहोतच की." हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे.

१९७९ चा मे महिना

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आजोळचा मोठा गोतावळा एका नदीच्या डोहावर जेवणासाठी गेला होता. आम्ही नऊ-दहा मुले पाण्यात, पुरुष मंडळी झाडाखाली पत्ते खेळत बसलेली आणि बायका तीन दगडांच्या चुलीपाशी. माझ्या मावशीने दोनदा विचारले, "अहो, पोरांकडे लक्ष आहे ना?" पत्त्यांतून कोणीतरी म्हणाले, "आम्ही सगळे आहोतच की इथे." ते खोटे नव्हते. काठावर खरोखरच चौदा-पंधरा मोठी माणसे होती.

ताटे वाढली तेव्हा एक ताट उरले. माझा सात वर्षांचा मावसभाऊ पंगतीत नव्हता. तो सापडला तो माझ्या छातीइतक्या पाण्यात, काठापासून दहा पावलांवर. कोणी त्याची हाक ऐकली नव्हती, कारण त्याने हाक मारलीच नव्हती. त्याला बाहेर काढल्यावर कोणी पायाला धरून उलटे केले, कोणी गरगर फिरवले, कोणी पोट दाबले. त्याच्या तोंडात श्वास मात्र कोणी फुंकला नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हते. मी पुढे डॉक्टर झाले आणि ते शिकले, तेव्हा त्या दुपारचा प्रत्येक मिनिट मला पुन्हा मोजावा लागला. मावशी अगदी म्हातारी होईपर्यंत कुठल्याही कार्यात जेवायला बसण्याआधी पंगतीतली मुले बोट दाखवून मोजायची. तिला त्यावरून कोणी कधी हसले नाही.

त्या दिवशी कोणी हयगय केली, असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकाला वाटले की दुसरा बघतो आहे. सगळ्यांकडे सोपवलेले काम कोणाकडेच नसते. लग्नात वरमाईची पिशवी हरवते ती अशीच. पण पिशवी हरवणे वेगळे आणि मूल हरवणे वेगळे.

बुडणारा ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. ओरडायला छातीत हवा लागते, आणि बुडणाऱ्याला तीच मिळत नसते. तोंड पाण्याच्या वर येते, खाली जाते, हात बाजूंना पाण्यावर दाबले जातात, मान मागे पडते. लांबून पाहणाऱ्याला मूल खेळतेच आहे असे वाटते. लहान मूल एका मिनिटाच्या आत दिसेनासे होऊ शकते. श्वास बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे भाकरी उलटून, ती भाजून, दुसरी थापेपर्यंतचा वेळ. म्हणूनच "आरडाओरडा झाला तर धावू" या भरवशाला काही अर्थ नाही.

हा प्रश्न काही आपल्या तालुक्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. आपल्या देशात २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी सरकारी नोंदींनुसार ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून दगावली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि त्यांत बहुतेक मुले होती, हे आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नसेल. रविवारची सहल म्हणूनच तीही मंडळी घरातून निघाली होती.

"आम्ही नाही का पोहलो?"

हे सांगितले की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढे कसले भेता? आम्ही नाही का विहिरीत पोहलो?" पोहलात, हे खरे आहे. पण कसे पोहलात तेही आठवा. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधलेला असे. काका नाहीतर थोरला भाऊ स्वतः पाण्यात असे. विहिरीला पायऱ्या होत्या, पाण्याची खोली सगळ्या वस्तीला ठाऊक होती, आणि मोट किंवा इंजिन चालवणारा कोणीतरी दिवसभर तिथेच असे. शिवाय आज "आम्ही पोहलो" म्हणणारे सगळे वाचलेले आहेत. जे वाचले नाहीत ते आपली बाजू मांडायला येत नाहीत. माझा मावसभाऊ आज असता तर त्यानेही कदाचित हेच वाक्य म्हटले असते.

दुसरी गोष्ट अशी, की पाणी तेच राहिलेले नाही. विहिरी आटल्या, बोअर आल्या, आणि मुलांची पोहण्याची शाळाच बंद झाली. नदीत वाळूचा उपसा झाला. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज पुरुषभर खड्डा असू शकतो, आणि वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. इनामगावच्या वरच्या अंगाला चिंचणीचे घोड धरण आहे. धरणाखालच्या नदीत पाणी सुटले की आपल्या माथ्यावर कोरडे ऊन असतानाही पात्रातले पाणी चढू शकते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे असतात. उघड्या ढाप्याजवळ पाण्याची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही खेचते, आणि बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी जिथे उसळते तिथे माणूस गोल गोल फिरत अडकतो. सिमेंटच्या कालव्याची कड शेवाळाने निसरडी झालेली असते, त्यामुळे आत पडलेल्याला वर चढता येत नाही.

सगळ्यांत फसवे म्हणजे शेततळे. चारी बाजूंनी उतरता प्लास्टिकचा कागद, त्यावर बारीक गाळ. पाय घसरला की मोठा माणूसही धरायला काही न मिळाल्याने पुन्हा पुन्हा आतच जातो. शेततळे हे पोहण्याचे ठिकाण नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. ज्यांचे शेततळे आहे त्यांनी भोवती कुंपण घालावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर व फुगवलेल्या ट्यूब आत सोडून ठेवाव्यात. खर्च फार नाही.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेजारी

इनामगावला जायचे तर मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात, म्हणजे जवळपास नऊशे वर्षे, घोडेच्या काठी शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती, असे त्यातून दिसून आले. घरे, धान्याच्या कणग्या, कुंभाराच्या भट्ट्या, सारे सापडले. आज शेतांत पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. पण ती माणसे आपल्यासारखीच गहू खाणारी, गुरे राखणारी होती, एवढे सांगितले तरी मुलांचे डोळे विस्फारतात.

मला त्यातल्या दोन गोष्टी डॉक्टर म्हणून लक्षात राहिल्या आहेत. एक म्हणजे त्या लोकांनी नदीचे पाणी वळवण्यासाठी पाट काढला होता आणि बांध घातला होता. नदीकाठी राहायचे तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो, हे त्यांना कळत होते. दुसरी गोष्ट मन हलवणारी आहे. तिथे सापडलेल्या दफनांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत मूल ठेवून, घराच्याच जमिनीत पुरलेले. त्या आईबापांपाशी लस नव्हती, सलाईन नव्हते, ताप कशाने येतो याचे ज्ञान नव्हते. त्यांनी जे मूल गमावले ते बहुधा त्यांच्या हातात नव्हते. आपले तसे नाही. बुडून होणारे मरण बव्हंशी टाळता येते, आणि ते टाळायला औषध लागत नाही, एक जागा माणूस लागतो.

आमचा बेत

आमच्या घरी बरीच चर्चा झाली. "मग सहलच नको" असेही एक मत पडले. मला ते पटत नाही. पाण्याला कायमची बंदी घातलेली मुले शेवटी चोरून जातात, आणि चोरून गेलेल्यांच्या काठावर कोणीच नसते. मुलांनी नदीत जावे, खूप डुंबावे. फक्त यादीत पहिली ओळ बदलावी. आम्ही ठरवलेले नियम देते. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

१. मुले पाण्यात असतील तेव्हा एक ठरावीक माणूस फक्त पाण्याकडे बघेल. वीस मिनिटांची पाळी. त्याच्या गळ्यात शिट्टी, हातात मोबाईल नाही, तोंडात गप्पा नाहीत. पाळी बदलताना तो पुढच्याच्या गळ्यात शिट्टी घालील आणि "तुझ्याकडे अकरा मुले" असे आकडा उच्चारून सांगेल. त्याशिवाय जागा सोडायची नाही.

२. पाच वर्षांखालच्या मुलाजवळ एक मोठे माणूस पाण्यात, हात लांब केला की मूल धरता येईल इतक्या अंतरावर.

३. मुले उतरण्याआधी पोहता येणारा मोठा माणूस बांबूने तळ चाचपत सगळी जागा चालून येईल. सर्वांत लहान मुलाच्या कमरेपर्यंतच्या पाण्याला दोरी लावून हद्द करायची. ही विचारपूस आदल्या दिवशीच गावकऱ्यांकडे करायची. खड्डा कुठे, गाळ कुठे, धरणातून पाणी सुटायचे आहे का. गावातल्या माणसाने "इथे नको" म्हटले की वाद घालायचा नाही.

४. डोक्यावर सूर मारायचा नाही. उथळ पाण्यात मान मोडलेला तरुण जन्मभर अंथरुणाला खिळतो.

५. दारू नाही. मटणाबरोबर "थोडीशी" घेणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांना हात जोडून सांगावे, की ती घरी परतल्यावर. दारू घेतलेला माणूस पहाऱ्याला चालत नाही आणि पाण्यातही चालत नाही.

६. फुगवलेली बदके आणि ट्यूब हे खेळ आहेत, संरक्षण नव्हे. वाऱ्याने ती मुलासकट खोल पाण्यात जातात. अंगाला घट्ट बसणारे, पट्टे लावता येणारे तरंगजाकीट मिळते. ज्या मुलांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही ती घेणार आहोत.

७. फेफरे येणाऱ्या व्यक्तीने, औषध चालू असले तरी, एकट्याने पाण्यात जायचे नाही. ज्याचा कान वाहतो त्याने डोके बुडवायचे नाही. नदीचे पाणी पोटात जाईल असे खेळ नकोत, आणि अंगावर उघडी जखम असेल तर काठावरच बसावे.

जेवून लगेच पोहू नये, असे आमच्या सासूबाई सांगतात. जेवणामुळे माणूस बुडतो असा पुरावा विज्ञानाला मिळालेला नाही. तरीही हा नियम आम्ही पाळणार आहोत, कारण जेवणानंतर मोठी माणसे पेंगतात. सासूबाईंचे कारण चुकले असेल, नियम बरोबर आहे.

जागेबद्दलही दोन शब्द. दौंडच्या बाजूच्या वाचकांनी भीमेत उतरताना विचार करावा. रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ती पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. हिरवी साय धरलेले, वास येणारे पाणी पोहण्याचे नव्हे. कुकडीवर निघोजचे रांजणखळगे पाहायला पुष्कळ कुटुंबे जातात. निसर्गाची ती करामत जरूर दाखवावी, पण मुलांचा हात धरून आणि कडेपासून दूर उभे राहून. गुळगुळीत खडकात कोरलेल्या त्या खोल रांजणांत पडलेल्याला धरायला काही नसते.

तंबू कुठे लावायचा?

भाऊजींना तंबू थेट नदीच्या वाळूत लावायचे होते. इथे मी आणि मोठ्या नणंदबाई दोघीही अडून बसलो. पाणी रात्री चढले तर झोपलेल्याला कळत नाही, हे एक कारण. दुसरे कारण बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याचा वावर आता नित्याचा झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे बळी गेले. उसाला लागून उघड्यावर पोरे निजवणे हे धाडस नव्हे. तिसरे कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावल्याचे बरेचदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून तंबू घराच्या अंगणात लागतील, दिवा रात्रभर चालू राहील, निजणे खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून. मुलांना तंबू हवा असतो, तो अंगणातही तितकाच गमतीचा असतो. साप चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, न चोखता, थेट रुग्णालय गाठावे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर

पोहता येत नसेल तर पाण्यात उडी मारू नका. एकामागोमाग एक तिघे-चौघे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुतेक अशाच घडतात. काठावर आडवे पडून बांबू पुढे करा. कासरा फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून फेका. काही नसेल तर नऊवारीचा पदर फेका, तोही माणसाला ओढून आणतो.

बाहेर काढल्यावर हाक मारा, हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसले, की एकाने लगेच १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत मिळते. दुसऱ्याने वेळ न घालवता पुढील काम सुरू करावे. बुडालेल्याला सपाट, कठीण जमिनीवर उताणे निजवा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड घट्ट लावून दोन श्वास द्या. छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून जोराने दाबा. मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा, मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटीमीटर खाली जाईल इतके. लहान मुलाला एक हात पुरतो आणि छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबावे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू करा.

पोट दाबू नका, उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात पाणी पोटातले निघते, आणि ते पुन्हा छातीत जाण्याचा धोका वाढतो. हवा मात्र आत जात नाही. शुद्धीवर आलेल्यालाही घरी न नेता रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते, म्हणून निदान सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. निघण्याआधी जवळचे सरकारी रुग्णालय कोणते आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे विचारून ठेवावे.

मुलींनाही शिकवा

शेवटी एक मागणी. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवण्याचे काम झाले आहे. तरणतलाव, फरशा, निळे पाणी यांतले काही लागले नाही. आपल्याकडेही ज्या गावात भरवशाची विहीर किंवा शांत घाट आहे तिथे उन्हाळी सुटीत पंधरा दिवसांचा वर्ग का होऊ नये? शाळेने मुले जमवावीत, ग्रामपंचायतीने दोर, ट्यूब आणि चांगल्या पोहणाऱ्या दोघांची सोय करावी. आणि प्रत्येक घाटावर, प्रत्येक बंधाऱ्यावर एक खांब, त्याला दोर बांधलेली एक ट्यूब टांगलेली असावी. ती चोरीला जाईल असे कोणी म्हणेल. जाऊ द्या, दुसरी लावा. ट्यूब स्वस्त आहे.

त्या वर्गात मुलींनाही घ्या. पोहणे हे आपल्याकडे मुलग्यांचे समजले गेले. १९७९ साली काठावर सात-आठ बायका होत्या, त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हते. धुणे धुवायला, हंडा भरायला नदीवर जन्मभर त्याच जात होत्या. माझी मावशी आपल्या मुलापासून दहा पावलांवर उभी होती. मला स्वतःला वयाच्या तिसाव्या वर्षी पोहायला आले, तेही लाजत लाजत.

भाऊजींनी परवा नवी यादी पाठवली. तिच्यात आता बेचाळीस ओळी आहेत. पहिली ओळ अशी आहे: 'पाण्यावर, सकाळी ८ ते ८.२० मी. ८.२० ते ८.४० वहिनी.' त्याखाली उरलेल्या दहा जणांची नावे वेळेसह आहेत. मटणाची ओळ दुसऱ्या क्रमांकावर गेली आहे. शिट्टी मी आणणार आहे.